पिकअप तापतेय? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर गेला की गॅरेजसमोर बॉनेट उघडून ठेवलेल्या पिकअपची रांग लागते. मालकाचं म्हणणं ठरलेलं असतं, "ऊनच एवढं आहे, गाडी तापणारच." असं समजून गाडी तशीच पळवू नका. कूलिंग धड असेल तर भर उन्हातही तापमानाचा काटा आपली जागा सोडत नाही. हिवाळ्यात झाकून गेलेला दोष उन्हाळ्यात वर येतो, एवढंच.

नुसतं "गाडी तापते" सांगू नका

एवढ्याच माहितीवर मिस्त्री आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारा वॉल) बदलतो, मग वॉटर पंप, मग रेडिएटर. दोष सापडेपर्यंत खिसा रिकामा. त्यापेक्षा गाडी कधी तापते ते सांगा, अर्धं निदान तिथेच होतं.

मार्केट यार्डाबाहेर रांगेत उभी असताना तापते आणि पुणे रोडला वेग घेतला की काटा उतरतो, असं असेल तर हवा कमी पडतेय. पळत्या गाडीला वारा आपसूक मिळतो, उभ्या गाडीला फॅनच लागतो. व्हिस्कस फॅन (इंजिनच्या जोरावर, द्रव भरलेल्या क्लचमधून फिरणारा) असेल तर इंजिन बंद करून, गार झाल्यावर हाताने फिरवून पाहा. अजिबात अडखळ न होता गरगर फिरत राहिला तर क्लच गेला. इलेक्ट्रिक फॅन असेल तर आधी फ्यूज आणि रिले बघा, मोटर नंतर.

गावात ठीक, पण माल भरून तुळजापूरचा घाट चढायला लागली की काटा चढतो, याचा अर्थ वेगळा. तिथे रेडिएटर आतून कोंदलेला, जाळी बाहेरून बंद झालेली किंवा पंप कमी पाणी फेकत असण्याची शक्यता जास्त. आणि सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा वर गेला, तर थर्मोस्टॅट बंद अडकलाय, सिस्टीममध्ये हवा राहिलीय किंवा हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) उडालंय. वरचा होज चटका देतोय आणि खालचा गारच आहे, तर पाणी फिरत नाही हे नक्की.

जाळी समोरून बघून "स्वच्छ आहे" म्हणू नका

एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर बहुतेक गाड्यांत एकामागे एक किंवा अगदी जवळजवळ असतात. कांद्याची टरफलं, उसाचं पाचट आणि धूळ नेमकी त्यांच्या मधल्या फटीत साचते, समोरून काही दिसत नाही. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर मारा, तेही हलक्या दाबाने. वॉशिंग सेंटरच्या गनने पाती वाकली की हवा आणखी अडते. जत्रेचा फ्लेक्स ग्रीलवर बांधून फिरायची हौस असेल, तर निदान उन्हाळ्यात तरी आवरा.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

"वॉलच काढून टाकू, कटकट संपली" हा सल्ला आपल्याकडे फार चालतो. त्यामुळे डिझेल इंजिन थंडच चालतं आणि डिझेल जास्त खातं. बीएस-६ गाडीत डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, साफसफाईही बिघडते. काही इंजिनांत तर बायपासची वाट कायम उघडी राहते, बरंच पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. अडकला असेल तर नवीन टाका.

बोअरचं पाणी ओतू नका

बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. शिवाय नुसत्या पाण्याने आतून गंज लागतो. कंपनीने सांगितलेलं कूलंट, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून, एवढंच. हिरव्यात लाल मिसळू नका.

काटा खाली आला म्हणून निर्धास्त होऊ नका

हे सगळ्यात घातक. काटा लाल रेषेवर जाऊन अचानक उतरला, की ड्रायव्हर गाडी दामटतो. सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरं सांगतो. पाणीच संपलं की तो भलतंच दाखवतो, आणि इंजिन तोवर भाजून निघतं. काटा लाल झाला, वाफ आली किंवा बेल्ट तुटला की बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा. रेडिएटरचं टोपण उघडायची घाई नको. आत दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं पाणी असतं, टोपण सैल होताच ते थेट तोंडावर उडतं. तापलेल्या हेडवर गार पाणी तर अजिबात मारू नका, चीर जाते.

टोपणाचंही एक सांगून ठेवतो. गाडी गार झाल्यावर होज चेपून आत गेलेला दिसला तर टोपणाचा व्हॉल्व्ह खराब आहे. हा स्वस्तातला पार्ट बहुतेकांना शेवटी आठवतो.

कूलंट कमी होतंय म्हणून लगेच हेड उघडू नका

बाहेर कुठे थेंब नाही, तरी कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरतेय आणि सायलेन्सरमधून पांढरी वाफ येतेय, म्हणजे हेड गॅस्केट, असं ठरवून मोकळे होतात. अलीकडच्या डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर कूलंटने गार करणारा भाग) आतून फुटला तरी हीच लक्षणं दिसतात. आधी सिस्टीमला प्रेशर देऊन तो तपासायला सांगा. गार इंजिन सुरू करताच होज दगडासारखा टणक झाला, बाटलीत सतत बुडबुडे आले किंवा ऑइल दुधाळ झालं, तर संशय हेडवर जास्त घ्या. आणि हेड उतरवलंच, तर प्लेन (घासून सपाट) करायला देण्याआधी लेथवाल्याकडून क्रॅक टेस्ट करून घ्या. चीर गेलेलं हेड प्लेन करून बसवलं तर नवं गॅस्केटही टिकत नाही.