ऑस्ट्रेलियात अ‍ॅबोरिजिनल हाउसिंगमध्ये काम करायचंय? आधी नळ बघा, मग नकाशा

बी.आर्क. करून ऑस्ट्रेलियात मास्टर्सला येणारी बरीच मुलं हल्ली विचारतात की अ‍ॅबोरिजिनल (म्हणजे इथल्या मूळ रहिवासी) लोकांच्या घरांवर काम करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची, युनिव्हर्सिटी कुठली, पोर्टफोलिओत काय टाकायचं. मी काही वर्षं सेंट्रल ऑस्ट्रेलियात हेच काम करतेय. गाव लातूर जिल्ह्यातलं, त्यामुळे १९९३ च्या भूकंपानंतर वसवलेली सरळ रस्त्यांची गावं आणि तिथल्या घरांपुढे लोकांनी आपल्या सोयीने उभी केलेली पत्र्याची शेड बघतच मोठी झाले, आणि राहणाऱ्याला न विचारता घर बांधलं की काय होतं हा प्रश्न डोक्यात तेव्हापासूनच आहे. तर जे इथे येऊन कळलं ते सांगते, थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे "हे भटके लोक, यांचं कसलं आर्किटेक्चर" हा समज घरीच ठेवून या. व्हिक्टोरियातल्या बुज बिमला गुंडिट्जमारा लोकांनी ज्वालामुखीच्या दगडात चर काढून, बांध घालून ईल मासे पकडायची आणि वाढवायची व्यवस्था केली, ती साधारण ६६०० वर्षं जुनी आहे, शेजारी दगडी घरांचे पायेही आहेत, २०१९ मध्ये ती जागा जागतिक वारसा यादीत आली. आणि वाळवंटात जिथे दगडी घर बांधलं नाही तिथेही राहण्याची रचना एकदम पक्की होती. वार्लपिरी लोकांच्या मुक्कामात जोडप्यांची जागा वेगळी, एकट्या पुरुषांची वेगळी, विधवा आणि एकट्या बायकांची वेगळी, तिला जिलिमी म्हणतात. वाऱ्याला आडोसा, पुढे शेकोटी, कोण कुठे झोपणार हे नात्यावर ठरलेलं. सरकारने नंतर जी तीन बेडरूमची घरं दिली त्यात यातलं काहीच नव्हतं, ती शहरातल्या आई-बाप-दोन मुलं अशा कुटुंबाचा विचार करून काढलेली होती.

आता नळाकडे येते, कारण या क्षेत्रात मला सगळ्यात मोलाचं काय वाटत असेल तर हे. १९८५ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यातल्या एपीवाय लँड्स या मूळ रहिवाशांच्या मालकीच्या प्रदेशात यामी लेस्टर हे तिथल्या अ‍ॅबोरिजिनल आरोग्य संस्थेचे, न्गानाम्पा हेल्थ काउन्सिलचे प्रमुख होते. दवाखाना चालू होता, औषधं होती, तरी तीच तीच माणसं तेच तेच आजार घेऊन परत येत होती. त्यांनी तीन जणांना कामाला लावलं, पॉल टॉर्झिलो डॉक्टर, स्टीफन रेनो पर्यावरण-आरोग्यवाले आणि पॉल फोलेरोस आर्किटेक्ट, आणि सांगितलं की लोक आजारीच पडू नयेत यासाठी काय करता येईल ते बघा. त्यातून नऊ गोष्टींची यादी निघाली आणि तिच्यात पहिली होती अंग धुता येणं, खास करून पाच वर्षांखालच्या मुलांचं. मग कपडे आणि अंथरुणं धुणं, सांडपाणी बाहेर जाणं, अन्न साठवता आणि शिजवता येणं, असं करत करत धूळ आणि घरातलं तापमान. डिझाइनची शैली वगैरे या यादीत कुठेच नाही!

हेच काम पुढे हेल्थॅबिटॅट नावाने देशभर गेलं. पद्धत अशी की शिकवलेली स्थानिक टीम घरात जाते, अडीचशेच्या आसपास गोष्टी तपासते, म्हणजे गरम पाणी येतं का, निचरा होतो का, सॉकेटला अर्थिंग आहे का, चुलीचे सगळे बर्नर पेटतात का, आणि पहिल्याच दिवशी दुरुस्ती सुरू होते. नुसता सर्व्हे करून निघून जायचं नाही हा कडक नियम. टीममधले पाऊणशे टक्क्यांहून जास्त लोक स्थानिक अ‍ॅबोरिजिनल असतात. ७८०० घरांच्या तपासणीत चालू शॉवर मिळाला फक्त ३५ टक्के घरांत, विजेच्या दृष्टीने सुरक्षित निघाली १० टक्के, चालू संडास ५८ टक्के. आणि हे का बिघडलं तर ७० टक्के बिघाड नियमित देखभाल न झाल्यामुळे, २१ टक्के मुळात बांधकामच वाईट म्हणून, आणि राहणाऱ्यांनी मोडतोड केली किंवा नीट वापरलं नाही म्हणून फक्त ९ टक्के. "ही माणसं घरं मोडतात" हे वाक्य तुम्हाला इथे टॅक्सीत, पार्टीत, कधी कधी ऑफिसातही ऐकू येईल, तेव्हा हे तीन आकडे तोंडपाठ असू द्या. न्यू साउथ वेल्समध्ये या पद्धतीने दुरुस्त झालेल्या घरांतल्या लोकांचं संसर्गजन्य आजारांसाठी हॉस्पिटलात भरती होण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी आढळलं. घशाला आणि त्वचेला होणारा स्ट्रेप जंतूचा संसर्ग वारंवार झाला की मुलांच्या हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात, म्हणजे इथे शॉवर हा थेट हृदयाचा प्रश्न आहे.

म्हणून कॉलेजात असतानाच प्लंबिंग शिका, मनापासून शिका. सेंट्रल ऑस्ट्रेलियातलं बोअरचं पाणी इतकं क्षारांचं असतं की नळाचे वॉशर, गीझर, एव्हॅपरेटिव्ह कूलर सगळ्यावर थर चढतो, शहरातल्या कॅटलॉगमधला सुंदर मिक्सर इथे लवकरच निकामी होतो आणि प्लंबर शेकडो किलोमीटरवरून येणार. पाण्यात काय आहे ते बघितल्याशिवाय फिटिंग निवडायचं नाही, फ्लोअर ट्रॅपकडे उतार आहे की नाही ते पाणी ओतून बघायचं, पाहुणे आले की घरात माणसं दुप्पट होणार हे धरूनच गरम पाण्याची टाकी काढायची.

उष्णतेचंही तसंच. अ‍ॅलिस स्प्रिंग्सला उन्हाळ्यात चाळीसच्या वर आणि हिवाळ्यात रात्री शून्याखाली. काँक्रीट ब्लॉकच्या भिंती, इन्सुलेशन कमी, व्हरांडा अरुंद, दिवसभर तापलेली भिंत रात्रभर आत उष्णता सोडत राहते. एसी लावा म्हणणं सोपं आहे, पण नॉर्दर्न टेरिटरीत बऱ्याच घरांना प्रीपेड मीटर आहेत, बॅलन्स संपला की वीज गेली. २०१८-१९ च्या डेटावर झालेल्या अभ्यासात अशा दुर्गम वस्त्यांतल्या ९१ टक्के घरांची वीज वर्षात निदान एकदा गेली होती आणि ७४ टक्के घरांची दहापेक्षा जास्त वेळा. फ्रिजमधलं इन्सुलिन अशा वेळी काय होत असेल विचार करा. टेनंट क्रीकला वारुमुंगू समाजाचे नॉर्मन फ्रँक जुपुरुर्ला आणि डॉक्टर सायमन क्विल्टी यांनी विल्या जांता नावाने काम उभं केलंय, लोकांनी स्वतः ठरवलेली, हवामानाला आणि नात्यांच्या नियमांना धरून असलेली घरं. तुम्ही या क्षेत्रात येणार असाल तर त्यांचं काम बघाच.

नात्यांचे नियम म्हणजे काय, तर बऱ्याच समाजांत जावई आणि सासू यांनी समोरासमोर यायचं नाही, बोलायचं नाही, हा आदर आहे आणि तो मनापासून पाळतात. आता एकच दार, एकच पॅसेज, एकच बाथरूम असलेल्या घरात सासूबाई आल्या तर जावई रात्र कुठे काढणार? बाहेर. म्हणून दोन बाजूंनी येण्याजाण्याचे रस्ते, दोन ओल्या जागा (बाथरूम-संडास), दोन वेगळे व्हरांडे, शक्य तर बाहेरून उघडणारी एक खोली. घरात माणूस गेलं की कुटुंब बऱ्याचदा ते घर सोडतं, धुराचा विधी होतो, काही काळ तिथे कोणी राहत नाही, आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या नातेवाइकांकडे गर्दी होते. घर वाटप करणाऱ्या ऑफिसच्या फॉर्ममध्ये हे कुठेच बसत नाही, पण नकाशात तुम्ही त्याची सोय करू शकता. बाहेर झोपायची जागा, बाहेरची चूल, आणि अंगणात बसून रस्त्याने कोण येतंय ते लांबूनच दिसणं, हे तर सतत ऐकायला मिळतं.

आर्किटेक्चरच्या मुलांना ऑस्ट्रेलियन आर्किटेक्ट ग्लेन मर्कट यांचं यिर्कला इथलं मरिका-आल्डर्टन हाउस माहीत असतं, १९९४ चं. एका योल्ङू कलाकार बाईंसाठी बांधलेलं, त्या आता हयात नाहीत म्हणून त्यांचं पहिलं नाव लिहीत नाही, इथे तशी रीत आहे आणि रिपोर्ट लिहितानाही ती पाळायची. जमिनीवरून उचललेलं घर, काच नाहीच, प्लायवूडची उघडझाप होणारी झडप, आतल्याला बाहेरचं दिसतं पण बाहेरच्याला आतलं नाही. फार सुंदर घर आहे. पण ते आर्नहेम लँडच्या दमट किनाऱ्याचं, तेच उचलून वाळवंटात ठेवू नका, स्टुडिओच्या ज्युरीत मी हे बघितलंय म्हणून सांगते.

लोकांशी बोलायचं कसं हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नीट येत नाही. "हे डिझाइन आवडलं का?" असं विचारलं तर हो म्हणतील, परक्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, त्या "हो" वर बांधकाम सुरू करू नका. त्यापेक्षा काल रात्री कोण कुठे झोपलं, पाऊस आला तर गाद्या कुठे नेता, असं विचारा, जमिनीवर बसून मॉडेल हाताळायला द्या आणि मग गप्प बसा, शांतता लांबली तरी. बाथरूमबद्दल बायकांशी बायकांनीच बोलायचं. फोटो विचारल्याशिवाय नाही. आणि पुढच्या वेळी गेलात की मागच्या वेळी त्यांनी सांगितलेलं नकाशात कुठे आलं ते आधी दाखवा.

कागदपत्रांचं भराभर सांगते. अ‍ॅबोरिजिनल जमिनीवर जायला परमिट लागतं, नॉर्दर्न टेरिटरीत १९७६ च्या लँड राइट्स कायद्याखाली लँड काउन्सिल (जमिनीच्या मूळ मालकांची प्रतिनिधी संस्था) देतं. खोदकामाआधी पवित्र जागांचं सर्टिफिकेट काढायचं, पायाची ट्रेंच दोन मीटर सरकवावी लागली तर सरकवायची. साइटसाठी व्हाइट कार्ड (बांधकाम-सुरक्षेचं प्रशिक्षण झाल्याचं), आणि लहान मुलांच्या आसपास काम असेल तर टेरिटरीत ओकर कार्ड, म्हणजे मुलांसोबत काम करायची मंजुरी. "आर्किटेक्ट" म्हणवून घ्यायला राज्याचं रजिस्ट्रेशन, त्यासाठी ३३०० तासांचा अनुभव लॉगबुकमध्ये, मग लेखी परीक्षा आणि मुलाखत, आणि २०२१ पासूनच्या राष्ट्रीय निकषांत फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे मूळ रहिवासी समाजांच्या, जमिनीची आणि संस्कृतीची समजही तपासतात. अभ्यासासाठी क्वीन्सलंड युनिव्हर्सिटीत पॉल मेमॉट यांनी उभारलेलं अ‍ॅबोरिजिनल एन्व्हायर्नमेंट्स रिसर्च सेंटर आणि मोनाश युनिव्हर्सिटीची वोमिनजेका जिम्बाना ही इंडिजिनस रिसर्च लॅब ही दोन नावं लिहून ठेवा.

आणि पोर्टफोलिओचं विचारता म्हणून, रेंडर दोन कमी टाका पण एखाद्या वापरात असलेल्या घराचं मोजमाप घेऊन तिथे काय बिघडलंय, कशामुळे, दुरुस्तीला काय लागेल हे एका पानावर मांडा. ते घर बीडचं असलं तरी चालेल. मुलाखत घेणारा त्याच पानावर थांबतो.