पोहण्याच्या तलावाचा ठराव सभेपुढे आला तर

माझा पुतण्या यंदा पहिल्यांदा नगरसेवक झाला. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आला आणि महिन्याभरात सभेची विषयपत्रिका घेऊन आला. "आत्या, अकरा नंबरचा विषय बघ ना जरा." विषय होता शहरात जलतरण तलाव बांधण्यास प्रशासकीय मंजुरी देणे. खाली दीड ओळीची टिपणी, सोबत चार पानांचा गोषवारा आणि कॉम्प्युटरवर काढलेलं निळ्याशार पाण्याचं चित्र. चित्रात काठाने रांगेत पामची झाडं होती. आमच्याकडे दुभाजकावरची बोगनवेलसुद्धा शेळ्या ठेवत नाहीत.

मी ३१ वर्षं नगरपरिषदांच्या लेखा विभागात काढली, शेवटची काही लेखापाल म्हणून. तलावाचे ठराव होताना पाहिले, फीत कापताना पाहिली आणि पुढे त्याच तलावाची बिलं माझ्याच टेबलावर तुंबली. त्या रात्री पुतण्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते. तुम्ही नगरसेवक असा, पत्रकार असा किंवा नुसते घरपट्टी भरणारे असा, गावात असा विषय आला तर उपयोगी पडेल.

आधीच सांगते, मी तलावाच्या विरोधात नाही. मी विहिरीत शिकले. काकांनी पाठीला रिकामा डबा बांधला, कमरेला दोर बांधला आणि दिलं ढकलून. चार दिवसांत डबा सुटला. आता आमच्या भागातल्या अर्ध्या विहिरी बुजल्या नाहीतर कोरड्या पडल्या, आणि शेताशेतात आली प्लास्टिक अंथरलेली शेततळी. त्या कागदावर पाय ठरत नाही. आत पडलेलं पोर काठापर्यंत येतं आणि तिथूनच परत घसरतं. म्हणून गावातल्या मुलांना पोहायला शिकवणं ही चैन आहे असं मला कुणी सांगू नये.

पण ठराव वाचताना चित्र बाजूला ठेवायचं आणि पैसे कुठल्या खिशातून येणार ते आधी विचारायचं. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात कामांचे दोन गट आहेत, आवश्यक आणि ऐच्छिक. पिण्याचं पाणी, गटारं, दिवाबत्ती, साफसफाई पहिल्या गटात. पोहण्याचा तलाव दुसऱ्यात. ऐच्छिक म्हणजे करू नये असं नव्हे, पण पहिल्या गटातलं काम अर्धवट पडलं असेल तर त्याचं उत्तर आधी द्यावं लागतं. सभेत कुणीतरी उठून म्हणतो, "वित्त आयोगातून करू." त्याला थांबवा. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२१ ते २०२६, आपल्यासारख्या दहा लाखांखालच्या शहरांना मिळणाऱ्या पैशातला ६० टक्के बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. तेव्हा जे अनुदान सांगितलं जाईल त्याचा शासन निर्णय मागा आणि त्यात दोनच गोष्टी शोधा: नगरपरिषदेचा स्वहिस्सा किती, आणि बांधून झाल्यावर चालवायचा खर्च कुणाचा. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा तुमचाच असं निघतं. बांधायला वरून पैसे येतात, चालवायला येत नाहीत. ज्या गावात मी हे भोगलं त्या गावाचं नाव सांगत नाही, पण तिथल्या टिपणीत 'देखभाल दुरुस्ती' या शब्दांपुढे एक आडवी रेघ होती.

आता पाणी. हे गणित वहीच्या मागच्या पानावर स्वतः करा, कन्सल्टंटवर सोडू नका. पुतण्याच्या विषयातला तलाव २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, खोली सरासरी १.४ मीटर. गुणाकार केला की ४३७.५ घनमीटर, म्हणजे ४ लाख ३७ हजार ५०० लिटर. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर हा निकष धरतात. त्या हिशेबाने एकदा तलाव भरायचा म्हणजे सव्वातीन हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी. दहा हजारी टँकरच्या ४४ खेपा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती, आठवतं? पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. हा तलाव त्या गाडीहून थोडाच लहान.

दर आठवड्याला पाणी बदलत नसतात, हेही सभेत सांगा, कारण विरोधक तेवढ्यावरच गोंधळ घालतात. चांगलं फिल्टर असेल तर तेच पाणी महिनोन्‌महिने फिरत राहतं. पण रोजची घट असते. मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला एक सेंटिमीटर उडालं तर या तलावातून रोज तीन हजार लिटर गेलं. वाळूचं फिल्टर उलटं धुवायला लागतं, त्याचे वेगळे काही हजार. ज्या गावात एप्रिलमध्ये नळ चार दिवसांआड येतो, तिथे नेमका एप्रिलमध्येच तलाव भरलेला दिसला की लोक घागरी घेऊन नगरपरिषदेवर येतात, आणि त्यांचं चुकत नाही. बोअरचं पाणी वापरू म्हणाले तर त्याचा तपासणी अहवाल मागा. जड पाणी असलं की दोन वर्षांत फरशीवर पांढरा थर चढतो आणि पायऱ्यांच्या कडा पायाला लागतात.

मग चालवायचा खर्च. इथे जरा थांबते, कारण माझा जन्म यातच गेला.

पाणी शुद्ध ठेवायला पंप लागतो. साडेसात हॉर्सपॉवरचा एक पंप दिवसाला १६ तास चालला तर ९० युनिट. दहा रुपये युनिट धरा, रोजचे ९०० झाले, महिन्याचे २७ हजार. (वीज कोणत्या वर्गवारीत लागणार ते महावितरणकडून लेखी घ्या. पाणीपुरवठ्याचाच दर लागेल असं गृहीत धरणारा अभियंता मी पाहिलाय.) माणसं दहा तरी लागतील: दोन पाळ्यांचे मिळून चार जीवरक्षक, त्यात निदान एक बाई, नाहीतर महिलांची वेळ कागदावरच राहते, फिल्टर चालवणारे दोन, सफाईला दोन, तिकिटावर एक, रात्रीचा एक. आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, ही पदं नसणार, म्हणजे ठेकेदारामार्फत. माणशी १८ हजार पडले तर महिन्याला १ लाख ८० हजार, वर्षाला २१ लाख ६० हजार. पावसाळ्यात दोन महिने तलाव बंद ठेवला तरी यांना घरी बसवता येत नाही, बसवलं तर परत मिळत नाहीत. दहा महिन्यांची वीज २ लाख ७० हजार, औषधं २ लाख, दुरुस्ती ३ लाख. एकूण २९ लाख ३० हजार.

आता जमेची बाजू. महिना ६०० रुपये फी धरू. एप्रिल-मेमध्ये ४०० जण येतील, गाव उत्साही असतं. त्यांचे ४ लाख ८० हजार. उरलेले आठ महिने ८० जण आले तरी खूप झाले. डिसेंबरात पहाटे येणारे तर बोटावर मोजण्याइतके. त्यांचे ३ लाख ८४ हजार. बेरीज ८ लाख ६४ हजार. तूट साडेवीस लाखांच्या वर, दरवर्षी, भाववाढ न धरता. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. तुमच्या गावचे घाला, पण प्रत्येक ओळ भरा. टिपणीत तुम्हाला एप्रिलची ४०० माणसं बारा महिने गुणलेली सापडतील. पुतण्याच्या कागदात तेच केलं होतं.

तूट आहे म्हणून तलाव नको, असं माझं म्हणणं नाही. बागेतून कुठे नफा होतो? वाचनालयातून होतो? पण तूट आधी बजेटमध्ये लिहिलेली असली पाहिजे, स्वतंत्र लेखाशीर्षाखाली, दहा वर्षांची. ती लिहिली नाही की काय होतं ते सांगते. मी म्हटलं त्या गावात पहिली दोन वर्षं मजेत गेली. तिसऱ्या वर्षी जीवरक्षकांचे चार महिने थकले, ते सोडून गेले. मग पंपाची मोटर जळली, ती गुंडाळायला दिली आणि बिल निघेना म्हणून दुकानदाराने ठेवून घेतली. पाणी हिरवं झालं. डास झाले म्हणून आरोग्य खात्याने त्यात गप्पी मासे सोडले. पुढच्या उन्हाळ्यात तलाव रिकामा केला तो कायमचा; अतिक्रमणात जप्त केलेल्या हातगाड्या आत ठेवायला बरा पडला. माझ्या शेवटच्या वर्षी लेखापरीक्षणात शक, म्हणजे आक्षेप, निघाला: 'निष्फळ खर्च'. त्याचा खुलासा मीच टाइप केला.

म्हणून आकारावर बोला. सभेत कुणीतरी वीरधवल खाडेचं नाव घेणारच. कोल्हापूरचा पोरगा २००८ साली बीजिंग ऑलिंपिकला गेला, आपला का जाणार नाही? सांगलीकडचे असतील तर मुरलीकांत पेटकरांचं नाव घेतील, १९७२ ला पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक आणलं त्यांनी. दोघांनाही नमस्कार. पण चाळीस हजार वस्तीच्या गावाला आधी बुडणार नाहीत अशी मुलं हवीत. त्यासाठी १५ मीटर लांब, ८ मीटर रुंद, सरासरी एक मीटर खोल, डोक्यावर पत्र्याचं छप्पर असलेलं टाकं पुरतं. पाणी १ लाख २० हजार लिटर, म्हणजे मोठ्याच्या एक चतुर्थांशाहून थोडं जास्त. मुलांचे पाय टेकतात, पालक घाबरत नाहीत, छपरामुळे पाणी कमी उडतं. एका वेळी २० मुलं, दिवसाला पाच तुकड्या, पंधरा दिवसांचा एक वर्ग, वर्षात असे बारा वर्ग: १,२०० मुलं झाली. नगरपरिषदेच्या शाळांची आधी. उड्या मारायचा फळा मात्र अंदाजपत्रकातून काढून टाका. त्याच्याखाली खोली लागते, खोलीला पाणी लागतं, आणि पहिला अपघात तिथेच होतो.

बांधकामात एकच अट घट्ट धरा: फरशी बसवायच्या आधी टाकं काठोकाठ भरून आठवडाभर गळती बघायची, आणि ते मोजमापवहीत नोंदवायचं. फरशीनंतर गळती सापडली तर कुणीच सापडत नाही. ठेकेदार म्हणतो बाष्पीभवन. त्यावर बादलीचा उपाय आहे, आमच्या एका जुन्या फिटरने शिकवलेला. तलावाच्या पायरीवर तलावातल्याच पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आतल्या पाण्याला एक खूण, बाहेर तलावाच्या भिंतीवर एक खूण. चोवीस तासांनी बघायचं. ऊन दोघांना सारखंच लागलेलं असतं. बादलीतलं एक बोट उतरलं आणि तलावातलं तीन बोटं, तर ती दोन बोटं जमिनीत गेली.

ठरावाआधी चालू तलाव बघून या. सहल मे महिन्यात काढू नका, मेमध्ये सगळे तलाव चालतात. ऑगस्टमध्ये जा, न सांगता जा. फिल्टरच्या खोलीत शिरा. क्लोरीनची नोंदवही मागा. रोजच्या आकड्यांची शाई आणि अक्षर एकसारखं असेल तर ती कालच बसून भरलेली आहे. आपल्या पाणीपुरवठ्याच्या माणसाकडे ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायची, छोटी पेटी असते, ती सोबत न्या. पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळेपणा दिसतो. तिथल्या जीवरक्षकाला चहा पाजा आणि मागचा पगार कधी झाला ते विचारा. पुढच्या साऱ्या प्रश्नांची उत्तरं त्यातच मिळतात.

आणि सभेत नुसतं "विरोध आहे" म्हणून हात वर करू नका. आवाजी मतदानात विषय दोन मिनिटांत मंजूर होतो आणि इतिवृत्तात तुमचं नावही येत नाही. लेखी उपसूचना द्या, सूचक आणि अनुमोदक दोघांच्या सह्यांची, दोन प्रतींत, एका प्रतीवर पोच घेऊन. पुतण्याला मी लिहून दिली ती अशी: "प्रस्तावित तलावाचा आकार कमी करून तो शिकाऊ मुलांसाठी छतासह करावा, पाण्याच्या स्रोताबाबत पाणीपुरवठा विभागाचा लेखी अभिप्राय घ्यावा, दहा वर्षांच्या चालन खर्चाचा तक्ता आणि त्यासाठीचं लेखाशीर्ष सभेपुढे ठेवावं, तोपर्यंत निविदा काढू नये." ठराव नियमाबाहेर झाला असं वाटलंच तर त्याच १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं, पण तो शेवटचा दरवाजा, पहिल्याच सभेला दाखवायचा नाही. त्याने नगराध्यक्षांशी कायमचं बिनसतं, आणि वॉर्डातली गटारं पण करून घ्यायची असतात.

सभा संपल्यावर त्याचा फोन आला. आकार कमी करायला कुणाचीच ना नव्हती, तक्ताही पुढच्या सभेत ठेवायचं ठरलं. पाण्यावरून तासभर वाजलं आणि विषय तहकूब झाला. आता चार नगरसेवक मिळून ऑगस्टमध्ये शेजारच्या तालुक्याचा तलाव बघायला जाणार आहेत. "काय काय नेऊ?" म्हणाला. मी म्हटलं, ओटीची पेटी ने आणि एक बादली ने. एक रात्र मुक्काम कर.