पिकअपला मोठे टायर बसवताना या चुका टाळा : कोकणातल्या वाटांसाठी

कोकणात पिकअप सहसा केवळ हौसेखातर घेतली जात नाही. एप्रिल-मे महिन्यांत कलमांच्या बागेतून आंब्याचे क्रेट डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे असतात, पावसाळ्यात वहाळ (ओढा) ओलांडून घर गाठायचे असते आणि एरवी सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) कच्च्या वाटेने चिरे (जांभ्याचे घडीव दगड) किंवा शेणखत न्यायचे असते. अशा गाडीच्या पोटाला दगड लागू लागले की पहिला सल्ला मिळतो तो मोठे टायर टाकण्याचा. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कोकणातल्या बहुतेक गाड्यांना हवा असलेला फायदा टायरच्या मापापेक्षा त्याच्या नक्षीतून आणि त्यात भरलेल्या हवेतून जास्त मिळतो, आणि हे ध्यानात न घेता माप वाढवले की गिअर, ब्रेक, स्टेअरिंग आणि कागदपत्रे या सगळ्यांवर त्याचा भार येतो.

उंचीचा हिशेब न करता माप ठरवणे

टायरच्या बाजूवर लिहिलेल्या आकड्यांवरून त्याचा व्यास घरबसल्या काढता येतो. २६५/६५ आर १७ या मापात २६५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ ही रुंदीच्या टक्केवारीत सांगितलेली बाजूची उंची आणि १७ हा रिमचा इंचांतला व्यास. या टायरचा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २८५/७० आर १७ बसवला तर व्यास ८३१ मिलिमीटर होतो, म्हणजे वाढ ५५ मिलिमीटरची. पण गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम एका इंचाने, आणि या एका इंचासाठी चाकाचा परीघ सात टक्क्यांनी वाढतो. २६५/७० आर १७ घेतला तर वाढ साडेतीन टक्क्यांच्या आत राहते आणि पुढे सांगितलेल्या अडचणींपैकी बऱ्याचशा उद्भवतच नाहीत. बागायतदाराने याहून पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिफ्ट किटबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. किटमुळे बॉडी आणि चासी वर जाते. मागच्या अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा मात्र आहे तिथेच राहतो, कारण तो चाकांच्या पातळीला बांधलेला असतो. वाटेच्या मधोमध वर आलेल्या दगडावर हाच गोळा आपटत असेल, तर पाटे वाढवून काही उपयोग होत नाही. तिथे थोडा मोठा टायर किंवा डाव्या-उजव्या चाकांची वाट बदलून दगड चाकाखाली घेण्याची सवय हेच उपाय आहेत.

चिखल दिसला म्हणून मड टेरेन घेणे

मोठमोठ्या ठोकळ्यांचा मड टेरेन टायर खोल, मऊ चिखलासाठी असतो. भातखाचरातून रोज गाडी न्यायची असेल तर तो उपयोगी पडेल. परंतु कोकणातली खरी निसरड वेगळी आहे : जांभ्याच्या कातळावर पावसाळ्यात धरलेले शेवाळ, त्यावरून झिरपणारे पाणी आणि घाटातला ओला डांबरी रस्ता. अशा कठीण, ओल्या पृष्ठभागावर मोजके मोठे ठोकळे घसरतात, तर बारीक चिरा असलेला ऑल टेरेन टायर पाणी कापून पकड धरतो. आंबा, कुंभार्ली किंवा फोंडा घाटातून भरल्या गाडीने भर पावसात उतरणाऱ्याने चिखलातल्या पाचशे मीटरांपेक्षा त्या उताराचा विचार आधी करावा. जांभ्याच्या कडा धारदार असतात आणि त्या टायरला वरून नव्हे, बाजूने कापतात. म्हणून खरेदी करताना साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) किती थरांची आहे ते विचारावे. बाजूला झालेली चीर पंक्चरसारखी जोडून रस्त्यावर भरवसा ठेवण्याजोगी नसते.

कागदपत्रांचा विचार शेवटी करणे

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने ठरवलेली रचना यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून चालकाच्या दारालगतच्या पट्टीवरचे आणि पुस्तिकेतले माप आधी पाहावे, आपल्याच मॉडेलच्या इतर प्रकारांना उत्पादक कोणती मापे देतो ते विचारावे आणि त्या मर्यादेतच राहावे. त्याबाहेर जायचे असेल तर आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांना आधी विचारावे. न कळवलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात अडचण ठरू शकतो.

टायर बसला म्हणजे मावला असे समजणे

गॅरेजमध्ये सपाट फरशीवर रिकाम्या गाडीला टायर बसतो, मिस्त्री स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवून दाखवतो आणि गाडी बाहेर पडते. खरी परीक्षा मात्र स्टेअरिंग पूर्ण वळलेले आणि सस्पेन्शन दाबलेले असताना होते, आणि ती घरी करता येते. मडगार्डच्या आतल्या अस्तरावर ओल्या तांबड्या मातीचा पातळ हात फिरवावा, हौद्यात नेहमीचा भार भरावा आणि पुढचे एक चाक दोन चिऱ्यांच्या पायरीवर हळूहळू चढवावे. सोबतीला एक माणूस बाहेर उभा असावा आणि त्याने गाडीच्या मार्गात येऊ नये. त्या स्थितीत स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून उतरल्यावर माती कुठे पुसली गेली ते पाहावे. बहुधा पुढच्या चाकाच्या मागच्या बाजूला, दाराच्या खालच्या कोपऱ्याजवळ आणि मडफ्लॅपच्या मुळाशी काळा चकचकीत पट्टा दिसतो. अस्तराचे प्लास्टिक गरम करून मागे दाबता येते. पण टायर चासीला किंवा बॉडी माउंटला (बॉडी चासीवर बसवलेल्या जागेला) घासत असेल, तर तिथला पत्रा कापण्याऐवजी टायर लहान करावा. कापलेल्या कडेला खारी हवा लागली की दोन पावसांत गंज आतपर्यंत पोहोचतो.

घासणे टाळण्यासाठी काही जण स्पेसर (हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची चकती) किंवा कमी ऑफसेटचे रिम लावून चाक बाहेर काढतात. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यापासून हबवर टेकणाऱ्या बाजूचे मिलिमीटरमधले अंतर. ऑफसेट ३० वरून शून्यावर आणला की चाक ३० मिलिमीटर बाहेर जाते, बेअरिंगवरचा ताण वाढतो, खड्ड्यात स्टेअरिंग हातातून हिसकते आणि चिखल मडगार्डच्या बाहेरून थेट काचेवर उडतो. शिवाय बाहेर काढलेले चाक वळताना मोठी चाप घेते, त्यामुळे कधीकधी आधी न घासणारी जागाही घासू लागते.

पुढून जास्त उचलणे

स्वतंत्र सस्पेन्शनच्या (पुढची दोन्ही चाके वेगवेगळी वर-खाली होणाऱ्या) गाडीत पुढचा भाग वर उचलला की चाकाकडे जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन तिरका होतो आणि सांध्यावरचे रबरी बूट सतत मुडपलेले राहते. ते फाटले की ग्रीस बाहेर आणि तांबडी माती आत, एवढ्यावर सांधा संपतो. दोन इंचांपर्यंतची उचल सामान्यतः निभते. तरीही किट बसवल्यावर अलाइनमेंट करणे आणि हेडलाइट खाली वळवून घेणे या दोन गोष्टी त्याच दिवशी व्हायला हव्यात. रात्रीच्या अरुंद रस्त्यावर समोरच्याचे डोळे दिपवणारी गाडी दोघांनाही धोक्यात घालते.

गिअर, ब्रेक आणि मीटर विसरणे

परीघ सात टक्क्यांनी वाढला की प्रत्येक गिअर तितकाच उंच होतो, म्हणजे त्याच गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर कमी पडतो. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. वीस किलोचे पन्नास क्रेट, म्हणजे एक टन माल, घेऊन बागेतल्या चढणीवर गाडी थांबवून पुन्हा उचलताना मात्र क्लच जळल्याचा वास येऊ लागतो. कच्च्या, सुट्या मातीच्या चढावर अशा वेळी फोर लो (चारही चाकांना ताकद देणारी हळू, जास्त जोराची गिअरची स्थिती) वापरावा; गरज पडल्यावर नव्हे, चढायच्या आधी. आता बऱ्याच वाड्यांकडे जाणाऱ्या घाटी सिमेंटच्या झाल्या आहेत. तिथे कोरड्या सिमेंटवर वळण घेताना फोर बाय फोर लावून ठेवू नये, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापायचे असते आणि घसरायला जागा नसल्याने सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) येतो.

ब्रेकचेही तसेच. जड आणि मोठ्या व्यासाचे चाक थांबवायला पायाला जास्त जोर लागतो, म्हणून उतरणीवर एक गिअर खाली ठेवून उतरावे. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८५च्या पुढे असेल, आणि किलोमीटरही कमी मोजले जातील. मायलेज एकदम पडले अशी तक्रार असेल तर आधी मीटरचा आकडा १.०७ ने गुणून पाहावा. उरलेली घट तेवढी खरी.

हवा अंदाजाने भरणे

टायरवरचा लोड इंडेक्स हा ठरावीक हवेवरच खरा असतो. ११२ म्हणजे १,१२० किलो, ११५ म्हणजे १,२१५ किलो. पण हलक्या ट्रकसाठीच्या एलटी वर्गातल्या टायरला तेवढाच भार पेलायला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. जुन्या टायरचाच आकडा नव्या टायरला लावला, तर तो भरल्या गाडीखाली आतून तापतो. उलट वाळूत किंवा मऊ जमिनीत रिकामी गाडी १८ पीएसआयपर्यंत उतरवली तर नुसता टायरचा ठसा लांब झाल्यानेच ती सहज निघते. जांभ्यावर एवढे खाली जाऊ नये, नाहीतर दगड टायरमधून थेट रिमला लागतो. हवा कमी केल्यावर वेग कमी ठेवायचा आणि डांबरावर चढण्यापूर्वी पुन्हा भरायची. त्यासाठी गाडीत कॉम्प्रेसर नसेल तर हवा सोडूच नये.

पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) गाडी उतरवण्यासाठी हे सांगितलेले नाही. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि टायरच्या खोल चाकोरीत अडकलेले पिल्लू समुद्रापर्यंत पोहोचत नाही. सड्यावरही रुळलेली वाट सोडू नये. रत्नागिरी आणि राजापूर परिसरातली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली आहेत, आणि ती जमिनीच्या पातळीलाच कोरलेली असल्याने गाडीतून दिसत नाहीत.

काही बिघडले तर कुठे पाहावे

ऐंशीच्या वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल, तर बॅलन्सिंगला जाण्यापूर्वी चाकाखाली वाकून रिमच्या आतली बाजू पाहावी. तिथे वाळलेल्या तांबड्या मातीचा थर एका बाजूला चिकटलेला असतो. तो खरवडून धुतला की पुष्कळदा थरथर तिथेच संपते. घोंघावणारा आवाज रस्ता बदलल्यावर बदलत असेल तर तो टायरच्या नक्षीचा, आणि वळण घेताना एका बाजूला वाढत असेल तर बेअरिंगचा संशय घ्यावा. पूर्ण वळणावर कटकट आवाज येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा आणि त्याचे बूट पाहावे.

वहाळातून गेल्यानंतर डिफरन्शियलचे तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. तापलेले हाउसिंग थंड पाण्यात बुडाले की आत पोकळी होते आणि ब्रीदरमधून (हाउसिंगला हवा येण्या-जाण्यासाठी ठेवलेल्या छिद्रातून) पाणी ओढले जाते. तेल ताबडतोब बदलावे आणि ब्रीदरची नळी उंचावर न्यावी.

नवीन चाके बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरांनी नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत. रिम बदलला असेल तर नटाची बैठक शंकूसारखी हवी की सपाट, तेही पाहावे. चुकीचा नट घट्ट वाटतो पण धरत नाही. खाऱ्या हवेत रिम हबला चिकटून बसतो, म्हणून हबच्या मधल्या गोल कडेला पातळ ग्रीस लावावे, स्टडच्या आट्यांना मात्र लावू नये. पाचवा टायरही त्याच मापाचा घ्यावा, आणि तो हौद्याखालच्या जागेत मावतो का व साखळीची चरखी गंजून अडकली नाही ना, हे अंगणात एकदा स्टेपनी उतरवूनच पाहावे.