ह्यूस्टनला नवीन आलात? एका पॅनमध्ये कोबी, कोळंबी आणि सॉसेज

दर ऑगस्टला नवीन पोरंपोरी येतात आणि सेमिस्टर संपेपर्यंत फ्रोझन पराठे नि मॅगीवर काढतात. वर आपलीच जुनी मंडळी सांगतात की इथलं जेवण मिळमिळीत, त्याच्या नादी लागू नका. हे मला अजिबात पटत नाही. लुइझियाना-टेक्सासच्या किनाऱ्यावरची माणसं भात खातात, लसूण खातात, मासे खातात आणि चांगलं झणझणीत खातात. भाजीत सोडे घालणाऱ्या घरातून आला असाल तर हा पदार्थ पहिल्या घासाला ओळखीचा वाटेल.

पॅन बारा इंची कास्ट आयर्नचा घ्या, म्हणजे आपलं बीडच, धुवून लगेच पुसायचा आणि तेलाचा हात फिरवायचा. स्मोक अलार्म वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढू नका, खिडकी उघडा.

सॉसेज अँडुई घ्या, लुइझियानाचं, धुरावलेलं. ते बहुतेक पोर्कचं असतं. चालत नसेल तर चिकन किंवा टर्कीचं मिळतं, पण पाकिटामागचं सगळं वाचा, कारण आत चिकन असलं तरी वरचं आवरण पोर्कचं असू शकतं, आणि नुसतं 'स्मोक्ड सॉसेज' लिहिलेल्यात बीफही असू शकतं. रूममेट जेवणार असेल तर त्यालाही आधी विचारा.

आता कोळंबी. गुलाबी कोळंबी घेऊ नका. परत सांगते, गुलाबी घेऊ नका! गुलाबी म्हणजे बहुतेक वेळा आधीच शिजवलेली, ती पुन्हा पॅनमध्ये गेली की रबर होते. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या एकाने पॉटलकसाठी (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) तिचीच मोठी पिशवी आणली, आठवड्याच्या किराण्याचे पैसे घातले आणि कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. कच्ची, राखाडी घ्यायची. पाकिटावर २१/२५ असेल तर एका पाउंडात तेवढे नग, आकडा लहान तर कोळंबी मोठी, या पदार्थाला २१/२५ बरोबर. सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट लिहिलेली टाळा, तिला पाणी फार सुटतं. शक्य असेल तर गल्फची, म्हणजे इथल्या मेक्सिकोच्या आखातातली घ्या. ह्यूस्टनजवळ किनाऱ्यावर सीब्रूक-केमाच्या बाजूला मासळीची दुकानं आहेत. १९७५ नंतर आलेल्या व्हिएतनामी लोकांनी याच किनाऱ्यावर कोळंबीच्या बोटी चालवून बस्तान बसवलं, आपल्या लोकांनी त्यांच्या दुकानांत जरा जास्त जायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एक मध्यम कोबी, बारा-चौदा औंस सॉसेज, एक पाउंड कोळंबी, चौघांना होतं. सॉसेजच्या चकत्या थोड्या तेलात कडा काळपट होईपर्यंत परता आणि काढून ठेवा, सुटलेली चरबी पॅनमध्येच राहू दे, सगळी चव तिच्यात आहे. तिच्यात कांदा, भोपळी मिरची, सेलरी, मग लसूण. कोबी आपल्या भाजीसारखा बारीक चिरू नका, दीड-दोन इंचाचे तुकडे करा. पाच मिनिटं झाकण, मग झाकण काढून आच वाढवा आणि सारखं ढवळू नका, तळाला डाग पडू द्या. आता केजन मसाला (लुइझियानाचा तयार तिखट मसाला) भुरभुरा. मीठ अजून घालायचं नाही, सॉसेज खारट असतं आणि डब्यातल्या या मसाल्यात मीठच जास्त असतं. मीठ शेवटी, चाखून.

कोळंबी पेपर टॉवेलने कोरडी करा, कोबी बाजूला सारून मोकळ्या जागेत एका थरात ठेवा. खालची बाजू गुलाबी झाली की उलटा. इंग्रजी 'सी'सारखी वळली, मधलं पारदर्शक गेलं की सॉसेज परत घाला, लिंबू पिळा, गॅस बंद. तीन-चार मिनिटांत होतं, यावेळी फोन उचलू नका.

भाताबरोबर खा. उरलं तर कोळंबी वेगळी ठेवा, दुसऱ्या दिवशी बाकीचं पॅनवर गरम करून ती शेवटी नुसती कोमट करा. आणि हा डबा ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये कृपा करून घालू नका.