रानात हरणांसाठी दहा गुंठे चारा : ऑगस्ट-सप्टेंबरची कामं

पेनसिल्व्हेनिया किंवा न्यूयॉर्क राज्यात ज्यांनी थोडं रान घेतलं आहे आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी त्यात चारा लावायची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हा सल्ला. तिकडे याला फूड प्लॉट म्हणतात. पहिल्या वर्षी पाव एकर, म्हणजे आपले दहा गुंठे, पुरे.

दुकानात हरणाचं चित्र छापलेल्या बियाण्याच्या महागड्या पिशव्या दिसतील. त्या आत्ता घेऊ नका. रानातला चारा फसतो तो बहुतेक वेळा उन्हावाचून आणि आंबट मातीमुळे. पैसे आणि घाम तिथेच घाला.

जागा अशी शोधा की दिवसाला निदान चार तास, जमलं तर सहा तास, थेट ऊन मिळेल. पूर्वी लाकूडतोड झाली असेल तर ओंडके रचायची जुनी मोकळी जागा सगळ्यात सोयीची. नवी जागा मोकळी करायची असेल तर पूर्व-पश्चिम लांबट पट्टा काढा, त्याला ऊन जास्त वेळ मिळतं. ओकची चांगली झाडं मात्र राखा. शरदात हरणांची खरी मेजवानी ओकची फळंच असतात, त्यांची बरोबरी कुठलंही पेरलेलं पीक करत नाही. ओढ्याकाठी किंवा पाणथळ जागी काहीही तोडण्याआधी नियम विचारून घ्या. वनजमीन म्हणून करात सवलत घेतली असेल तरीही आधी विचारा.

आता माती. रानातल्या मातीचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकी माती आंबट) बऱ्याचदा ४.५ ते ५.५ असतो आणि क्लोव्हर या द्विदल चारापिकाला ६ च्या वर हवा. म्हणून माती परीक्षण टाळू नका. पेनसिल्व्हेनियात पेन स्टेट विद्यापीठाची प्रयोगशाळा ते करून देते. पाला बाजूला सारून आठ-दहा ठिकाणची माती घ्या, एकत्र करा आणि पाठवा. अहवालात एकरी २ टन चुना सांगितला, तर तिथला टन २००० पौंडांचा असल्यामुळे पाव एकराला १००० पौंड, म्हणजे ४० पौंडांच्या २५ गोण्या लागतील. आकडा ऐकून दडपण येतं, पण इथे काटकसर केली तर पुढचं सगळं बी वाया. गोळीचा चुना हातयंत्रानं सहज पसरतो, धूळ उडत नाही.

चुन्याचा परिणाम दिसायला काही महिने लागतात. म्हणून आत्ता क्लोव्हरच्या मागे न लागता राय (rye) हे गव्हासारखं धान्य पेरा. ते आंबट मातीत तग धरतं, थंडीतही उगवतं आणि दाट आलं की तण दाबतं. दुकानात रायग्रास नावाचं गवत मिळतं, ते वेगळं; पिशवीवर धान्याचीच राय आहे ना, हे वाचून घ्या.

नांगरट करू नका. मातीचा थर पातळ असतो, खाली मुळं आणि दगड, आणि उतारावर पावसात माती धुपून जाते. नेचे आणि गवत माजलं असेल तर कापून काढा, किंवा लेबलवरच्या प्रमाणात ग्लायफोसेट हे तणनाशक फवारून आठ-दहा दिवस थांबा. जपानी स्टिल्टग्रास हे झपाट्यानं पसरणारं तण दिसलं तर बी धरायच्या आत उपटा, नाहीतर ऊन मिळाल्याबरोबर तेच सगळी जागा व्यापतं. मग पाला ब्लोअरनं उडवून माती उघडी करा, दाताळ्यानं ओरखडा, चुना टाका आणि पाव एकराला २५ ते ३० पौंड राय फोकून पेरा. हे सगळं ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, पाऊस तोंडावर असताना. उगवण झाल्यावर अशाच एखाद्या पावसाआधी साधारण २० पौंड युरिया पुरतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानगळ झाली की पाला पुन्हा उडवा. या एका कामाचा विसर पडला तर कोवळी रोपं खाली गुदमरतात.

क्लोव्हरची वेळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. रात्री गोठून दिवसा वितळणाऱ्या जमिनीला भेगा पडतात आणि बारीक बी आपोआप आत जातं. पाव एकराला पांढऱ्या क्लोव्हरचं २ पौंड बी, रायझोबियम (मुळांत नत्र बांधणारे जिवाणू) लावलेलं, रायमध्येच फोका. मेअखेर राय वरून कापली की खालच्या क्लोव्हरला ऊन मिळतं. क्लोव्हर बसल्यावर युरिया बंद; नत्र ते स्वतः मिळवतं आणि वरचं नत्र फक्त गवत पोसतं.

तुकड्यात तीन-चार फूट व्यासाचा तारेचा एक पिंजरा ठोका. आतलं पीक उंच आणि बाहेरचं जमिनीलगत असेल, तर चारा उगवतोय पण हरणं खाऊन टाकतायत. पिंजऱ्यातही खुरटं असेल तर दोष मातीचा किंवा उन्हाचा.

चारा कमी पडतोय म्हणून मक्याचे ढीग मात्र घालू नका. न्यूयॉर्कमध्ये हरणांना असं खाऊ घालायला बंदीच आहे. एका ढिगावर तोंडं एकत्र आली की क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या जीवघेण्या मेंदूरोगासारखा आजार पसरायला वाव मिळतो. पेनसिल्व्हेनियात हा रोग २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला. त्यापेक्षा कडेची कमी उपयोगाची चार-सहा झाडं अर्धवट कापून आडवी करा. वर्षभर त्यांना फुटवे येतात, आणि ते हरणांच्या तोंडाच्या उंचीवर असतात.

कामाला जाताना पँट मोज्यात खोचा, कपड्यांना परमेथ्रिन हे कीटकनाशक लावा आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड तपासा, मुलांच्या केसांतही. गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम रोग या भागात सर्रास होतो.