कॉफीत न फाटणारं सोयादूध: निवड, घरची कृती आणि फेस

मोंढ्यात सोयाबीनचे ढीग लागलेले असताना लातूर-नांदेडच्या घरात ओटच्या दुधाचं महाग पाकीट यावं, यात गैर काही नाही. पण कॉफीवर दाट फेस हवा असेल तर आधी सोयाबीनकडेच बघावं. फेस हवेचा असला तरी त्या हवेभोवतीचा पापुद्रा प्रथिनांचा असतो. वनस्पतींच्या दुधांत गायीच्या दुधाइतकी प्रथिनं, म्हणजे १०० मिलीला साधारण ३ ग्रॅम, मुख्यतः सोयादुधात मिळतात. पाकिटातल्या बदामदुधात ती बहुतेक वेळा १ ग्रॅमच्याही आत असतात. म्हणून त्याचा फेस झटकन फुगतो आणि कप हातात येईपर्यंत बसतो. नारळाच्या दुधात चरबी भरपूर, प्रथिनं थोडी. चव छान लागते, फेसाची आशा ठेवू नये.

पाकीटच घ्यायचं असेल तर मागची बाजू वाचायची. पुढे ‘दूध’ हा शब्द शोधू नका, तो जनावरांच्या दुधासाठी राखलेला आहे. या पाकिटांवर ‘सोया ड्रिंक’, ‘ओट बेव्हरेज’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. १०० मिलीमागे प्रथिनं किती ते बघा. साहित्याच्या यादीत ॲसिडिटी रेग्युलेटर म्हणून ३४० हा आकडा दिसला तर ते पाकीट कॉफीसाठी चांगलं. ते पोटॅशियम फॉस्फेट असतं, कॉफीचा आंबटपणा झेलतं आणि दूध फाटू देत नाही. ‘बरिस्ता’ असं लिहिलेल्या पाकिटांत बहुधा हेच आणि थोडं जास्तीचं तेल असतं. साखर घातलेलं किंवा व्हॅनिलाच्या वासाचं पाकीट कॉफीला नको.

ओटचं दूध घरी करायच्या भानगडीत कॉफीपुरतं तरी पडू नये. ओटमध्ये स्टार्च भरपूर असतो. थंड असताना ते दूध बरं दिसतं, पण ६० अंशांच्या आसपास गेलं की अंबिलीसारखं दाट, चिकट होऊ लागतं. कारखान्यात हा स्टार्च एन्झाइम घालून तोडतात, म्हणूनच पाकिटातलं ओटदूध साखर न घालताही गोडसर लागतं. घरी ते जमत नाही.

आता सोयाबीन. दाणा खाण्यासाठी म्हणून विकला जाणारा, पिवळा, स्वच्छ आणि शक्यतो याच हंगामातला घ्या. जुन्या दाण्याला खवट वास असतो. पेरणीतून उरलेलं पिशवीतलं बियाणं मात्र कधीही वापरू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बऱ्याचदा गुलाबी किंवा लाल रंग दिसतो, आणि कितीही धुतलं तरी ते खाण्यालायक होत नाही.

१०० ग्रॅम दाणे निवडून धुवा आणि तिप्पट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा घालून भिजत ठेवा. हिवाळ्यात १० तास लागतात. एप्रिल-मेमध्ये ६ तासांत दाणा फुगतो, आणि पाणी रात्रभर बाहेर राहिलं तर सकाळी आंबूस वास मारतं, तेव्हा उन्हाळ्यात भांडं फ्रिजमध्येच ठेवावं. दाणा दुभंगून पाहिला की आतली बाजू सपाट दिसली पाहिजे. मध्ये खोलगट, पिवळा डाग असेल तर अजून तासभर थांबा.

भिजलेले दाणे निथळून उकळत्या पाण्यात टाका आणि बरोबर ५ मिनिटं ठेवा. सोयादुधाला जो हिरव्या शेंगेचा कच्चा वास येतो, तो दाणा दळताना तयार होतो. दाण्यातलं एक एन्झाइम तेल आणि हवा यांच्याशी भिडतं आणि वास सुटतो. दळण्याआधीच उष्णतेनं ते एन्झाइम मेलं की वास येत नाही. पण १० मिनिटं उकळू नका. मग प्रथिनं दाण्यातच घट्ट बसतात, दूध पातळ निघतं आणि फेसही धरत नाही. चोळून सुटतील तेवढी सालं काढा, सगळी काढायचा अट्टहास नको.

दळायला एकूण ७०० मिली गरम पाणी लागतं. पाणी कोणतं, हा मराठवाड्यात सगळ्यात मोठा प्रश्न. चहाच्या भांड्याच्या तळाशी किंवा गिझरच्या कॉइलवर पांढरा थर साचत असेल तर बोअरचं पाणी जड आहे, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर आहे. सोयापनीर करताना दूध फाडायला मुद्दाम हेच क्षार घालतात. तेच पाण्यातून आधीच आले तर दूध भांड्यात ठीक दिसतं, पण कॉफीचा जरासा आंबटपणा लागला की फाटतं. त्यामुळे दळायला आरओचं किंवा जारचं पाणी घ्या. भिजवायला आणि उकळायला बोअरचं चाललं तरी शेवटी एकदा जारच्या पाण्यानं खळबळून घ्या.

निम्मं पाणी घालून मिक्सरमध्ये २ मिनिटं दळा, उरलेलं पाणी घालून पुन्हा १ मिनिट. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका आणि झाकण कापडानं दाबून धरा, गरम पाण्याच्या वाफेनं ते उडतं. दुहेरी मलमलमधून पिळून गाळा. चोथा ज्वारीच्या धपाट्यात घालता येतो, फक्त तो पुरता शिजलेला नसतो, तेव्हा धपाटं दोन्ही बाजूंनी नीट भाजलं गेलं पाहिजे.

गाळलेलं दूध मोठ्या पातेल्यात तापवा. ते उकळायच्या बरंच आधी फसफसून वर येतं. ही खोटी उकळी. इथे गॅस बंद केला तर दूध कच्चंच राहतं आणि पोटाला जड जातं. आच मंद करा, फेस झाऱ्यानं काढा आणि खरी उकळी फुटल्यापासून १० ते १२ मिनिटं तळ ढवळत उकळा, नाहीतर करपट वास लागतो. शेवटी चिमूटभर मीठ. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून लवकर थंड करा आणि वर धरलेली साय गाळून टाका. फ्रिजमध्ये ३ दिवस टिकतं. लाइट चार-पाच तास गेली असेल तर वापरण्याआधी चमचाभर दूध वेगळं तापवून बघा. आंबायला लागलेलं दूध तिथेच कणी धरतं.

कॉफीसाठी या दुधाला थोडा भरीवपणा द्यावा लागतो. गार झालेल्या ५०० मिलीत १ चहाचा चमचा रिफाइंड सूर्यफूल तेल घालून मिक्सरमध्ये अर्धा मिनिट फिरवा. तेल याहून जास्त झालं तर तेच फेस मारतं. करडीचं घाणीचं तेल भाजीत कितीही चांगलं असलं तरी इथे त्याचा वास वर येतो.

फेसासाठी दूध थेट फ्रिजमधलं घ्यावं. एका कपाला १५० मिली, आणि भांडं एक तृतीयांशच भरलेलं. मंद आचेवर ५५ ते ६० अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर नसेल तर स्टीलच्या भांड्याला बाहेरून तळहात लावा. दोन-तीन सेकंदांत हात उचलावासा वाटला की गॅस बंद. कडेला बुडबुडे दिसले म्हणजे उशीर झाला. ७० च्या पुढे तापलेलं दूध कॉफीत पडल्यावर फाटायची शक्यता वाढते.

बॅटरीवर चालणाऱ्या फ्रॉदरचं (दूध फेसाळायच्या छोट्या यंत्राचं) टोक आधी पृष्ठभागाच्या जरा खाली धरा, ५ ते ८ सेकंद. ‘सर्र’ असा आवाज येतो तेव्हा हवा आत जाते. मग टोक खाली नेऊन भांडं थोडं तिरकं करा आणि दूध भोवऱ्यासारखं १५ सेकंद फिरू द्या. मोठे बुडबुडे इथेच फुटून बारीक होतात. पहिला टप्पा लांबवला की साबणासारखा फेस येतो, ही सगळ्यात नेहमीची चूक. फ्रेंच प्रेस (दांड्याची जाळी दाबून कॉफी गाळायचं भांडं) असेल तर दांडा २५-३० वेळा छोट्या झटक्यांनी वरखाली करा, फेस फ्रॉदरपेक्षा बारीक येतो. काहीच नसेल तर ताकाची छोटी रवी दोन तळहातांत घुसळा. वेळ लागतो, पण जमतं. शेवटी भांडं ओट्यावर दोनदा आपटून गोल फिरवा. दूध ओल्या ऑइलपेंटसारखं चकचकीत दिसलं पाहिजे.

ओतताना घाई नको. उकळती कॉफी आणि सोयादूध एकदम भेटले की फाटलंच समजा. कॉफी करून मिनिटभर थांबा. फेस चमच्यानं मागे धरून आधी दूध कपात घ्या, त्यावर कॉफी बारीक धारेनं सोडा आणि मागे राहिलेला फेस वर ठेवा. दुधात कॉफी हळूहळू गेली की आंबटपणा एकदम वाढत नाही. काळपट भाजलेली कॉफी किंवा चिकोरी मिसळलेलं फिल्टरचं डिकॉक्शन (गाळून काढलेला कॉफीचा कडक अर्क) सोयाला मानवतं. फिकट भाजलेली कॉफी आंबट असते, ती काळीच प्यावी. तरीही कणी धरत असेल तर २०० मिली दुधात खाण्याचा सोडा, दोन बोटांच्या टोकांवर मावेल एवढाच. जास्त झाला तर कॉफी साबणासारखी लागते.

सोयाचा वास कुणाला चालतच नसेल तर शेंगदाणे. १०० ग्रॅम कच्चे दाणे ६ तास भिजवा, सालं काढा, ५०० मिली पाण्यात दळून गाळा आणि ढवळत ५ मिनिटं उकळा. सुरकुतलेला, काळा पडलेला किंवा बुरशी लागलेला दाणा आधीच वेचून टाका, त्यातलं विष उकळूनही जात नाही. फेस सोयापेक्षा विरळ येतो, थोड्या वेळानं तेलाचे डोळे वर दिसतात आणि दाण्याची चव कॉफीवर बसते. कडक डिकॉक्शनला ती शोभते, इन्स्टंट कॉफी मात्र तिच्याखाली दबून जाते. पाहुण्यांना हा कप देताना दाणे किंवा सोया चालतात का, एवढं आधी विचारून घ्यावं.