गावात बीएसएनएलचं फोरजी लागत नसेल तर

२०१९च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी बाहेर पडले. त्यामुळे लाइनमनची वाट पाहण्याआधी घरीच तपासा.

जुनं टूजी-थ्रीजी सिम असेल तर फोरजी लागणारच नाही. आधार घेऊन ग्राहक सेवा केंद्रात सिम बदला, नंबर तोच राहतो.

खरी अडचण बहुधा हँडसेटची. मेळघाट, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब पोचतात, भिंतीही भेदतात. पण त्यासाठी फोनमध्ये बँड २८ (याच लहरी पकडणारी पट्टी) हवा. जुन्या फोनांत तो अनेकदा नसतो. नवा फोन घेताना दुकानदाराला हेच आधी विचारा.

मग फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क मोड ‘एलटीई’वर (म्हणजे फोरजीवर) ठेवा. एपीएनमध्ये (इंटरनेट जोडणीच्या सेटिंगमध्ये) ‘बीएसएनएलनेट’ इंग्रजी लहान अक्षरांत, जागा न सोडता टाका आणि फोन बंद करून पुन्हा सुरू करा.